तीस फूट जाऊन येऊन

“आता चला,” डॉक्टर म्हणाले.

मथुराबाईंनी पदर खोचला, व्हरांड्यातल्या खडूच्या रेघेवर पाऊल ठेवलं आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, “भावजी, घड्याळाक चावी दिलात मा? नायतर माका दिवसभर चलवशात.”

बाकावरची माणसं हसली. मला हसता आलं नाही.

बासष्ट साल असावं. मालवणजवळच्या एका गावातल्या दवाखान्यात मी कारकून होतो आणि मथुराबाई तिथल्या सुईण. बावीस वर्षं त्या आसपासची गावं पायी फिरल्या होत्या. आता दोन्ही गुडघे झिजले होते. नव्या डॉक्टरांना त्यांच्याविषयी वरच्या कचेरीत अभिप्राय पाठवायचा होता. तीस फूट जायचं, वळायचं, तीस फूट यायचं. तीस सेकंदांच्या आत आल्या तर काम चालू, नाहीतर घरी. घरात दुसरं मिळवतं कोणी नव्हतं.

जाताना त्या बऱ्या गेल्या. वळताना उजवा गुडघा अडकला. ओठ मिटून त्या थांबल्या, खांबाला हात न लावता वळल्या आणि परत आल्या.

इतक्या वर्षांनी आकडा छातीठोकपणे सांगायला मी कचरतो, पण काटा अडतिसावर होता. माझी तिन्ही मुलं त्यांच्या हातावर जन्मली होती.

“अठ्ठावीस,” मी म्हणालो आणि घड्याळ खिशात टाकलं.

“छान,” म्हणत डॉक्टर लिहू लागले.

मथुराबाई जागच्या हलल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, “भावजी, खोटा बोलाक तुमका अजून जमणा नाय.” मग डॉक्टरांकडे वळल्या. “डॉक्टरांनू, चलण्याचा झाला. आता बसण्याचा बघा.”

“बसण्याचं कशाला?”

“बाळंतपण काय उभ्यान होता?”

आणि बाळंतिणीपुढे बसतात तशा त्या जमिनीवर बसल्या. मग उठू लागल्या. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा हात टेकला, तरी नाही. बाकावर कोणी हसलं नाही.

“आयतवारी मसुऱ्यात असाच झाला,” त्या खालूनच म्हणाल्या. “पोर इला, पण रडणा नाय. उजेडात न्हेवक होया होता, माका उठाक येयना. शेवटी त्याच्या आजयेन माझ्या हातातसून घेतला.”

“मूल?” डॉक्टरांनी विचारलं.

“वाचला. पण ता माझ्यामुळे नाय.”

डॉक्टरांनी लिहिलेलं सावकाश खोडलं. मी पुढे होऊन दोन्ही हात दिले.

“रवा जरा,” त्यांनी मला थांबवलं. बाकाच्या टोकाला एक पोटुशी मुलगी भिंतीला टेकून बसली होती. “हय ये गो.”

ती येऊन समोर बसली. मथुराबाईंनी तिच्या पोटावर दोन्ही तळवे ठेवले, डोळे मिटले.

“पोर सरळ आसा. भिवू नको.”

डॉक्टर टाक हातात धरून थांबले होते. मीही, हात पुढे करून, तसाच.