तबकडीखालचा तांदूळ

मी एक जुना वजनकाटा आहे. मित्रांनो, भाजीवाल्याकडचा नव्हे. सिल्वासाजवळ मसाटला औषधांचा एक कारखाना आहे, त्याच्या प्रयोगशाळेत मी बारा वर्षं पांढरे उंदीर तोलले. नवा होतो तेव्हा माझ्याजवळ कोणी शिंकतसुद्धा नसे. पुढे पुढे माझ्यावर चहाचे कप ठेवू लागले. असो.

उंदराच्या वजनाप्रमाणे त्याला औषध पाजायचं, त्याला काय होतं ते टिपायचं, आणि मग केदारने ते आकडे संगणकातल्या गणितात घालून माणसाला किती औषध सोसेल ते सांगायचं, अशी इथली पद्धत. केदारचं गणित मोठं देखणं. पण त्यातला पहिला आकडा माझा, हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नाही.

दसऱ्याला मात्र सगळ्यांना माझी आठवण झाली. झेंडू, कुंकू, मूठभर अक्षता! मला अगदी भरून आलं. त्यातलाच एक तांदूळ तबकडीखाली जाऊन अडकला. उंदीर ठेवला की तबकडी त्या दाण्यावर टेकायची आणि अडीचशे ग्रॅमचा उंदीर मी दोनशे दहाचा दाखवायचो. रिकामा असताना शून्य बरोबर दिसायचं, मग तपासतो कोण? रोज सकाळी माझ्यावर दोनशे ग्रॅमचं वजन ठेवून पडताळणी करायची असते. ते काम योगेशचं. तो वहीत नुसतं 'बरोबर' लिहून सही ठोकायचा. मला ओरडता येत नाही, नाहीतर त्याचे कान किटवले असते!

वजन कमी, म्हणून औषधही कमी. चाळीसच्या चाळीस उंदीर ठणठणीत राहिले. गणित म्हणालं, औषध सौम्य आहे, माणसाला भरपूर द्या. सोमवारी तो आकडा पुढे जाणार होता आणि आठ निरोगी माणसं ते औषध पहिल्यांदाच घेणार होती.

उंदरांची देखभाल करणाऱ्या धुळ्याच्या बायडाबाई तेवढ्या अडून बसल्या.

"केदारभाऊ, हाताले उंदीर जड लागतो, अन् काट्यावर हलका कसा काय?"

"बाई, मी तीन वेळा हिशोब चालवलाय. एकदम ओके आहे."

"मंग पहिला डोस तूच घे ना भाऊ."

केदार उठला. त्याने डबीतलं वजन काढून माझ्यावर ठेवलं. दोनशेच्या जागी एकशे बहात्तर! तबकडी उचलली, तर खाली कुंकवाने लाल झालेला दाणा.

ती आठ माणसं वाचली. प्रयोग संपला की उंदीर मारून आतून तपासतात; त्या चाळीस उंदरांचे जीव मात्र फुकट गेले, कारण सगळा प्रयोग नव्या चाळिसांवर पुन्हा झाला. आणि ठपका कोणावर? 'काटा जुना झाला' म्हणून मलाच फडताळात टाकलं! योगेशची सही अजून वहीत तशीच आहे.

मित्रांनो, तुमच्यासाठी जो कोणी मोजमाप करतो, त्याला हार घालू नका. रोज एकदा त्याची नीट तपासणी करा, एवढंच मागणं आहे.

परवा पुन्हा दसरा आहे. योगेशने नव्या काट्यासाठी झेंडू आणलाय, कुंकू आणलंय आणि मूठभर तांदूळही.