कोर्टात उसना जाणारा कोट

मित्रांनो, मी एक जुना कोट आहे. मला बसून बोलता येत नाही, लटकूनच सांगतो. ओहायो नदीच्या काठी टॅनर्सफर्ड नावाचं गाव आहे. तिथे गरीब आरोपींना फुकट वकील देणारी बचाव वकिलांची कचेरी आहे, तिच्या दाराच्या मागच्या कपाटात मी राहतो. तुम्ही म्हणाल, कोटाला कसला आलाय धक्का? मला बसलाय. अजून उतरलेला नाही.

माझा रंग राखाडी, अंग लोकरीचं. गळ्याच्या आत न्यूयॉर्कच्या एका बड्या दुकानाची पट्टी आहे, सोनेरी धाग्याची. त्या दुकानाने मला हातही लावला नव्हता. मला शिवलं दूरच्या एका देशात, पत्र्याच्या शेडमध्ये. तिथल्या बायका पंख्याखाली माना मोडून काम करायच्या. घाम त्यांचा, नाव दुकानाचं. ही लबाडी माझ्या गळ्यातच शिवलेली आहे. ती ध्यानात ठेवा.

माझा पहिला मालक मयताची व्यवस्था करणाऱ्या दुकानात कामाला होता. माझी उमेदीची वर्षं परक्यांच्या अंत्ययात्रांत गेली. पुढे तो स्वतःच गेला. त्याला नवा सूट घालून पुरलं आणि मला त्याच्या बायकोने या कचेरीत आणून दिलं.

इथे माझं काम वेगळंच. तुरुंगातला माणूस खटल्याला येतो तेव्हा त्याच्या अंगात तुरुंगाचे नारिंगी कपडे असतात. निकाल देणारे गावातले बारा ज्युरी समोर बसतात, नारिंगी रंग बघतात, आणि त्यांचं मन तिथेच ठरतं. म्हणून कायदा म्हणतो, त्याला साधे कपडे घालू द्या. पण ते द्यायचे कोणी, हे कायदा सांगत नाही. ते आमच्या कपाटाने द्यायचे. कुणाला बाही लांब, कुणाला खांदा आखूड. शिंपी परवडत नाही, म्हणून वकील मंडळी स्टेपलर घेतात आणि बाही आत दुमडून खटाखट टोचतात. खटला संपला की पिना काढायच्या, पुढच्या माणसासाठी.

यात सगळ्यांत तरबेज होती ओडेसा प्रुइट. ती याच गावची, आई इथल्याच इस्पितळात फरश्या पुसायची. ओडेसा शिकून वकील झाली, आणि त्या शिक्षणापायी आईच्या घराच्या दुप्पट किमतीचं कर्ज डोक्यावर घेऊन आली. सिनसिनाटीच्या एका बड्या विमा कंपनीने तिला बोलावलं होतं. ती गेली नाही. का? तर सरकारची एक योजना होती. दहा वर्षं सरकारी नोकरीत राहून लोकांसाठी वकिली करा, दर महिन्याला पगाराच्या मानाने हप्ता भरा, उरलेलं कर्ज आम्ही माफ करू.

ओडेसाने ते खरं मानलं. दहा वर्षं ती पावाला शेंगदाण्याचं लोणी फासून जेवली. गाडीची काच दोरीने बांधून हिंडली. आईच्या घराचं छप्पर गळायचं, तिथे बादली ठेवली. हप्ता मात्र एक चुकवला नाही.

एक गोष्ट तिने केली नाही. मालकाकडून नोकरीचा दाखला घेऊन दरवर्षी पाठवायची सोय होती, म्हणजे आपलं काम योजनेत बसतं की नाही ते वेळीच कळतं. बर्निस नावाची आमची कारकून, साठी उलटलेली, जिभेला धार. ती दरवर्षी टोकायची.

"अगं पोरी, पाठव तो दाखला एकदाचा!"

"पाठवते मिस बर्निस. आधी हा माझा अशील सुटू दे."

एक सुटला की दुसरा तयारच असायचा. शेवटी तिने ठरवलं, दहा वर्षं झाली की एकदमच पाठवू. मित्रांनो, हीच बाई प्रत्येक अशिलाला बोट नाचवून सांगायची, "सही करण्याआधी वर कुणाचं नाव आहे ते वाच. अर्धा तुरुंग न वाचणाऱ्यांनी भरलाय."

दहा वर्षं भरली, दाखला गेला, आणि एका सकाळी फोन आला.

तेव्हा मी तिच्या मांडीवर होतो. कोर्टाच्या तळघरात, कोठडीबाहेरच्या बाकावर. आत एमेट टॅकेट नावाचा छप्पर दुरुस्त करणारा माणूस वाट बघत होता. बंद पडलेल्या शाळेतले तांब्याचे नळ त्याने चोरले, असा आरोप होता. ओडेसा त्याच्या मापाने माझी बाही टोचत होती. दोन्ही हात गुंतलेले, म्हणून तिने फोन बाकावर ठेवून आवाज मोठा केला.

"मॅडम, तुमचा कर्जमाफीचा अर्ज नामंजूर झाला आहे," पलीकडची बाई म्हणाली.

"का? हप्ता चुकला का एखादा?"

"नाही मॅडम, हप्ते सगळे आलेत. तुमचा मालक योजनेत बसत नाही."

ओडेसा हसली. खरंच हसली. "अहो, माझा मालक म्हणजे जिल्हा. मी सरकारी बचाव वकील आहे."

"पगार ब्रॅडशॉ सर्व्हिसेस देते, मॅडम. ती नफ्यासाठी चालणारी खासगी कंपनी आहे. जिल्ह्याने काम तिला ठेक्याने दिलंय. तुम्ही लागायच्या आधीच."

"पण दारावर पाटी जिल्ह्याची आहे!"

"पाटी आम्ही धरत नाही, मॅडम."

खट्! पिन बाहीत नाही, तिच्या अंगठ्यात गेली. तिला कळलंसुद्धा नाही. रक्ताचा थेंब माझ्या अस्तरावर पडला, मग दुसरा.

"मी आणखी काही मदत करू शकते का, मॅडम?" फोन विचारत होता.

 मी कित्येकांच्या अंगावर बसून शिक्षा ऐकल्या आहेत. शिक्षा ऐकताना माणसाचा श्वास मध्येच अडतो, ते मला ओळखता येतं. तसाच ओडेसाचा अडला. फरक एवढाच की तिने काही केलं नव्हतं. केलं होतं ते एवढंच, की दारावरची पाटी खरी मानली.

शिपायाने दार उघडलं. तिने मला एमेटच्या अंगावर चढवलं. एमेट तिच्याकडे बघतच राहिला.

"वकीलबाई, चेहरा असा का? कुणी गेलं का?"

"हो."

"जवळचं?"

"दहा वर्षं," ती म्हणाली. "हात वर कर. बाही नीट बसू दे."

त्या दिवशी ती कशी उभी राहिली, मला आजही उमगत नाही. अंगठ्याला कागदी रुमाल गुंडाळलेला, आवाज मात्र सरळ. एमेटचं काळीज माझ्या छातीच्या खिशामागे धडधडत होतं. ज्युरी परत आले. निर्दोष. एमेट माझ्या बाहीत तोंड खुपसून रडला. ओडेसा खुर्चीवर बसून होती, स्वतःच्याच प्रेताला राखण बसावं तशी.

पुढच्या आठवड्यात जिल्ह्याच्या कारभाऱ्यांची बैठक होती. ओडेसाने कपाट उघडून मला अंगात घातलं.

"अगं, तो आरोपींचा कोट!" बर्निस ओरडली.

"म्हणूनच."

अध्यक्ष ऑग्डेन, औषधांच्या दुकानाचे मालक. ओडेसाचं मागणं साधं होतं. ही कचेरी जिल्ह्याने पुन्हा स्वतःच्या हातात घ्यावी. माझी दहा वर्षं मेली, निदान मागून येणाऱ्यांची तरी मोजली जावीत.

ऑग्डेन चष्म्यावरून बघत म्हणाले, "तुम्ही वकील ना, बाई? वाचायचं असतं."

"बरोबर. मी वाचलं नाही. माझा गुन्हा कबूल. आता तुमचा सांगा. ती पाटी कोणी लावली?"

"ती... लोकांच्या सोयीसाठी आहे."

मागच्या रांगेतून एमेट उठला. "साहेब, मग उद्या तुमच्या दुकानावर मी फुकट दवाखान्याची पाटी ठोकतो. शिडी माझी, खिळे माझे. लोकांची केवढी सोय होईल!"

सभागृह हसलं. ऑग्डेननी हातोडा आपटला. विषय एका समितीकडे गेला. समितीकडे गेलेला विषय कधी परत येत नाही, हे कोटालाही कळतं.

ओडेसा गेली. त्याच विमा कंपनीत, सिनसिनाटीला. तिथे ती आता आपल्या गावासारख्याच गावांतल्या लोकांचे दावे फेटाळते. जायच्या दिवशी तिने माझ्या बाहीतल्या पिना एकेक करून काढल्या आणि मला आकड्याला लावलं.

"मिस बर्निस, मी भित्री नाही हं."

"माहीत आहे गं. भित्रं माणूस एवढं कर्ज घेतं का?" बर्निस म्हणाली आणि तोंड फिरवून कपाट पुसत राहिली. ते स्वच्छच होतं.

एमेटने तिच्या आईचं छप्पर दुरुस्त करून दिलं, पैसे न घेता. जिल्ह्याला जे जमलं नाही, ते चोर म्हणून कोर्टात उभं केलेल्या माणसाने केलं. आणि ओडेसाची खुर्ची रिकामी राहिली. कोठडीतले लोक वकिलाची वाट बघत नारिंगी कपड्यांत बसून राहिले. मी इथे लटकलेला.

मित्रांनो, मला कसर लागू देऊ नका, एवढं मी मागू शकलो असतो. जुना कोट दुसरं काय मागणार? पण माझी काळजी नका करू, मी कापड आहे. दुसऱ्यांसाठी झिजणाऱ्या माणसांना दिलेला शब्द सांभाळा. तुम्ही मोठे होऊन कारभारी व्हाल, तेव्हा आत जे आहे तेच दारावर लिहा. आणि नोकर व्हाल, तेव्हा दारावरचं वाचून थांबू नका.

काल एक नवी मुलगी आली. विनिफ्रेड तिचं नाव. नुकती वकील झालेली, बूट करकरणारे. आज तिचा पहिला खटला. ती धावत आली आणि तिने माझ्यावर हात टाकला. बर्निसने आकडा घट्ट धरून ठेवला.

"आधी सांग पोरी, तुला पगार कोण देतं?"

"जिल्हा."

"पाहिलंस?"

मुलगी हसली. अगदी ओडेसा हसली होती तशीच. "मिस बर्निस, दारावर एवढी मोठी पाटी आहे की!"

बर्निस हसली नाही. तिने मला उलटं केलं, अस्तरावरचा तो काळा पडलेला डाग मुलीच्या डोळ्यांसमोर धरला, आणि पायाने खुर्ची पुढे सरकवली.

"बस," ती म्हणाली. "कोट नंतर."