गुणाबाईंचा कार्डिओग्राम

निपाणीच्या एका तंबाखू वखारीतल्या मुकादम गुणाबाई शिंत्रे यांचं वजन फेब्रुवारी १९८४ मध्ये एकशे सव्वीस किलो भरलं. हे वजन वखारीच्या काट्यावर झालं, इस्पितळात नाही. बेळगावच्या ज्या धर्मादाय इस्पितळात त्या गेल्या होत्या, तिथला काटा एकशे वीसवर संपत होता. गुणाबाई वर उभ्या राहिल्या तसा दांडा खट्कन वर जाऊन टेकला आणि तिथेच राहिला.

आया अंबुबाई म्हणाली, "आक्का, एक पाय खाली घेता काय?"

"आन् दुसरा उद्या आणू व्हय?" गुणाबाई म्हणाल्या.

शल्यचिकित्सक डॉ. परशराम हुंदरे हसले नाहीत. गुणाबाईंच्या बेंबीपाशी नारळाएवढा हर्निया होता. वर्षभरात दोनदा त्यात आतडं अडकलं होतं आणि दोन्ही वेळा निपाणीच्या डॉक्टरांनी ते हातानं आत ढकललं होतं. तिसऱ्या वेळी ते आत गेलं नाही, तर काही तासांत काळं पडणार होतं, आणि निपाणी ते बेळगाव एस.टी.ला अडीच तास लागत होते. ऑपरेशन हवंच होतं. पण १९८२ साली याच इस्पितळात एक धिप्पाड व्यापारी भूल देतानाच दगावला होता. चाकू अजून ट्रेमध्येच होता. त्या माणसाचं हृदय कोणी तपासलं नव्हतं. तेव्हापासून डॉ. हुंदऱ्यांचा नियम होता : वजन शंभराच्या खाली, कार्डिओग्राम स्वच्छ, पायऱ्यांची चाचणी पार. तिन्ही झाल्याशिवाय वजनदार माणूस टेबलावर घ्यायचा नाही.

"सव्वीस किलो उतरवा," ते म्हणाले. "मग या."

"आन् तवर आतडं अडकलं तर?"

"तर मी आहे तसं ऑपरेशन करीन. तुम्ही वाचालच असं मात्र सांगणार नाही."

गुणाबाईंना हे उत्तर आवडलं, असं त्यांनी पुढे वखारीत सगळ्यांना सांगितलं. फिरवून न बोलणारा माणूस, म्हणाल्या.

वखारीत तंबाखूची पोती तोलायचा मोठा काटा होता. दर सोमवारी काम सुरू व्हायच्या आधी गुणाबाई त्यावर चढत. तोलार शामू चिठ्ठी लिहून देई, तारखेसकट. एप्रिलमध्ये तीन आठवडे वजन हललं नाही. एकशे सोळा, एकशे सोळा, एकशे सोळा. चौथ्या सोमवारी शामू इकडं तिकडं बघून म्हणाला, "आक्का, दोन किलो कमी लिवू? कुनाला कळतंय?"

"माज्या पोटाला कळंल की. प्वाट कापायचंय रं, पोतं न्हवं. खरं लिव."

त्यानं एकशे सोळा लिहिलं. त्या दिवसापासून गुणाबाईंनी गुळाचा चहा सोडला. भाकरी दोनाची एक केली आणि जेवणाच्या सुट्टीत वखारीच्या आवाराला फेऱ्या घालायला लागल्या. पोटाला रुंद पट्टा बांधून, घाम पुसत, सावकाश. चाळणीवर तंबाखू चाळणाऱ्या बाया आधी हसल्या, मग फेऱ्या मोजायला लागल्या. ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी काट्यानं साडेअठ्ठ्याण्णव दाखवले. पस्तीस चिठ्ठ्या सुतळीत ओवून गुणाबाई बेळगावला आल्या. इस्पितळाच्या काट्यावर आता त्या बसत होत्या. तिथं अठ्ठ्याण्णव भरले. डॉ. हुंदऱ्यांनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. एप्रिलपाशी थांबले, चार सारखे आकडे पाहिले आणि मान हलवली. "कार्डिओग्रामला पाठवा," ते म्हणाले.

कार्डिओग्रामची खोली जिन्याखाली होती. यंत्र एकच, पेटीएवढं, आणि ते चालवणारा माणूसही एकच : धर्मराज मेत्री. वय चौतीस. नऊ वर्षं त्यानं हे यंत्र चालवलं होतं. तापलेली सुई कागदावर हृदयाची रेघ ओढायची. ती रेघ कशी असावी आणि कुठं बिघडते हे त्याला बऱ्याच तरुण डॉक्टरांपेक्षा आधी दिसायचं, पण ते तो बोलून दाखवत नसे. वाचणं डॉक्टरांचं काम, असं म्हणे. यंत्राच्या रबरी पट्ट्या जाड मनगटांना पुरत नसत. त्यासाठी त्यानं सायकलच्या ट्यूबचे तुकडे कापून, धुऊन, खिळ्याला लावून ठेवले होते. गुणाबाईंच्या चारही हातापायांना ते लागले.

अंबुबाईनं पडदा ओढला, पातळ सावरलं. धर्मराजनं हिरव्या बांगड्या अलगद कोपराकडं सरकवल्या आणि मनगटाला यंत्राची तार जोडलेला पत्रा बांधला.

"करंट बसतोय काय रं ह्यात?" गुणाबाईंनी विचारलं.

"न्हाय आक्का. तुमचाच करंट आम्ही घेतोय."

"घे बाबा. घरच्यांनी लई घेतलाय, तू बी घे."

पट्टी निघाली. धर्मराज कागदावरची रेघ पाहत राहिला. नाडी एकशे अठरा. दर सहा-सात ठोक्यांमागे एक ठोका वेळेआधीच पडत होता, रुंद, वाकडा, आणि त्यामागं एक लांब रिकामी जागा. त्यानं तारा तपासल्या, दुसरी पट्टी काढली. तेच. ही पट्टी वर गेली की डॉ. हुंदरे काय लिहिणार हे त्याला ठाऊक होतं : ऑपरेशन नाही. आठ महिने, अठ्ठावीस किलो, पस्तीस चिठ्ठ्या, आणि शेवटी हे.

तो पट्टी गुंडाळायला वाकला आणि त्याला वास आला. भाजलेल्या तंबाखूचा. लहानपणी घरात तव्यावर मिशेरी भाजताना जो खाट उठे आणि सगळ्यांना ठसका लागे, त्याच वासाचा उरलेला अंश. त्यानं गुणाबाईंच्या उजव्या हाताकडं पाहिलं. पहिल्या बोटाचं टोक काळं होतं.

"आक्का, सकाळी काय खाल्लं?"

"पान्याचा थेंब न्हाय. कागदावर लिवलंय तसं."

"तोंड कशानं धुतलं?"

"मिशेरीनं. दुसरं कशानं धुत्यात?"

"कितीदा?"

गुणाबाईंनी आठवून सांगितलं. घरून निघताना एकदा. गाडी संकेश्वरला थांबली तेव्हा एकदा. यमकनमर्डीच्या पुढं जीव घाबरला म्हणून एकदा. आणि आत्ता दाराशी बाकावर. "आज भ्या वाटत हुतं. म्हणून जरा दाबूनच लावली."

"उपाशी यायला सांगितलं होतं न्हवं?"

"उपाशीच हाय की! मिशेरी काय गिळत्यात व्हय?"

त्यांचं म्हणणं त्यांच्या बाजूनं बरोबर होतं. इस्पितळाचा कागद ज्यांनी लिहिला, त्यांनी चहा, दूध, फळं, विडी आणि सिगारेट नावं घेऊन मना केली होती. मिशेरी त्यांच्या डोक्यातच आली नव्हती. आणि निपाणीच्या वखारीतली बाई मिशेरीला खाण्यात धरत नाही, व्यसनात तर नाहीच. ते दात घासणं. गुणाबाई वयाच्या नवव्या वर्षापासून घासत होत्या.

"आक्का, ही छातीतली उडी त्या मिशेरीची असंल. नक्की सांगत न्हाय. उद्यापर्यंत लावू नका, मग परत काढू. डबी हितं ठेवा."

गुणाबाईंनी कनवटीची पितळी डबी काढली, पण हातातच धरली. "तुला मिशेरीचं काय ठावं रं, साहेब माणसाला?"

"माझी आई यल्लव्वा मेत्री. तुमच्याच वखारीत होती, तुम्ही चाळणीवर होता तेव्हा. मागच्या दाराशी बसायची. आता माझ्यापाशी असते."

मागच्या दाराशी कोण बसायचं आणि का, हे गुणाबाईंना सांगावं लागत नव्हतं. त्या काळी दुपारी मिशेरीची डबी ओळीओळीतून फिरायची. मागच्या दारापर्यंत जात नव्हती. तिथल्या बायांचं पाण्याचं मडकंही वेगळं होतं.

"यल्लव्वाचा ल्योक," त्या म्हणाल्या, आणि डबी त्याच्या हातात दिली.

ती रात्र त्या कंग्राळीला भाचीकडं राहिल्या. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता परत पट्टी निघाली. नाडी शहाऐंशी. लांब पट्टीत आगाऊ ठोका एकच. धर्मराजनं दोन्ही दिवसांच्या पट्ट्या एका कागदावर चिकटवल्या, प्रत्येकीखाली तारीख, वेळ आणि मिशेरी कधी लावली होती ते लिहिलं आणि कागद वर नेला.

डॉ. हुंदऱ्यांनी पाहिलं. "आजची पुरेशी होती. कालची कशाला लावलीस?"

"कालची पण त्यांच्याच काळजाची आहे, सर."

डॉक्टरांनी चष्मा काढला, परत घातला. मग गुणाबाईंना बोलावून सांगितलं : एकवीस दिवस मिशेरी बंद. पूर्ण बंद. चाळणीपासून लांब, दाराच्या वाऱ्याला बसायचं. मग पुन्हा कार्डिओग्राम आणि पायऱ्या. मधे एकदा जरी लावली, तर दिवस पहिल्यापासून मोजायचे.

त्या एकवीस दिवसांत काय झालं हे वखारीतल्या बायांनी पुढं सांगितलं. गुणाबाईंनी पहिल्या आठवड्यात तिघींशी भांडण काढलं, एकीची चाळणी फेकली आणि शामूला दिवसातून चारदा त्याच्या आईबापावरून शिव्या दिल्या. कडुलिंबाची काडी चावून हिरड्या सोलल्या. तेराव्या दिवशी हर्निया अडकला. दोन तास गुणाबाई पाय वर करून पोत्यांवर पडून राहिल्या, डॉक्टरला बोलावणं गेलं, आणि तो येईपर्यंत आतडं आपोआप आत गेलं. ही तिसरी वेळ होती. चौथीला किती दिवस आहेत हे कोणालाच सांगता येत नव्हतं.

बाविसाव्या दिवशी त्या धर्मराजच्या खोलीत होत्या. पत्रे बांधून झाल्यावर त्यानं पेन काढलं आणि विचारलं, "मिशेरी?"

अंबुबाईनं परस्पर उत्तर दिलं, "न्हाय म्हणूनच आल्यात की त्या."

"लावली," गुणाबाई म्हणाल्या.

धर्मराजचं पेन थांबलं.

"सोळाव्या दिवशी. एकदा. दुसरीच्या डबीतली. दुखणं परत येतंय असं वाटलं आन् हात गेला. बोटभर. लिव."

"आक्का," अंबुबाई हळूच म्हणाली, "न सांगून चाललं असतं. परत एकवीस दिस म्हणतील ते."

"म्हणू दे की. भूल देणारा माझ्या काळजावर हात ठेवून बसणार. त्याला काय खोटं सांगायचं?"

धर्मराजनं लिहिलं : मिशेरी, एकवीस दिवसांत एकदा, सोळाव्या दिवशी. पट्टी काढली. नाडी ऐंशी. आगाऊ ठोका नाही. एक हात लांबीची पट्टी काढली, तरी नाही.

पायऱ्यांच्या चाचणीला डॉ. हुंदरे स्वतः खाली आले. जवळच्या मच्छे गावच्या सुतारानं बनवलेली दोन पायऱ्यांची लाकडी घडवंची होती, प्रत्येक पायरी नऊ इंच. गुणाबाईंच्या वयाला आणि वजनाला दीड मिनिटात तेरा वेळा चढून उतरायचं होतं. पट्टा बांधून त्या चढल्या. लाकूड करकरलं. धर्मराज घड्याळ धरून मोजत होता. आठव्या फेरीला गुणाबाईंच्या तोंडाचा आ झाला. दहाव्याला डॉक्टर म्हणाले, "छातीत दुखतं का?"

"छातीत न्हाय. गुडघं शिव्या देत्यात."

तेरा झाल्या. लगेच आडवं करून पट्टी, दोन मिनिटांनी पट्टी, सहा मिनिटांनी पट्टी. रेघ कुठंही खाली बसली नाही, म्हणजे श्रमातही हृदयाला रक्त कमी पडत नव्हतं. डॉक्टरांनी तिन्ही पट्ट्या पाहिल्या. मग कागदावरची मिशेरीची ओळ वाचली. घडवंचीच्या कडेला बसून गुणाबाई पदरानं मान पुसत होत्या आणि त्यांच्याकडं एकटक पाहत होत्या.

"सोळावा दिवस," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे त्यानंतर पाच दिवस कोरडे गेले. मला पाचच लागतात."

"मग एकवीस का सांगितलं?"

"लोक त्यातले सोळा लपवतात."

"म्हंजे तुमी बी काट्यात वाढवूनच लिवता की, डॉक्टर! शामूपेक्षा तुमी बेरकी."

डॉ. हुंदरे हसले. अंबुबाईनं त्यांना बारा वर्षांत दुसऱ्यांदा हसताना पाहिलं. डॉक्टरांनी कागदाच्या खाली ऑपरेशनची तारीख टाकली : बुधवार, ७ नोव्हेंबर.

ऑपरेशन एक तास पन्नास मिनिटं चाललं. डॉक्टरांच्या सांगण्यावरून धर्मराज यंत्र घेऊन टेबलाशी उभा होता. तसं त्या इस्पितळात पूर्वी कधी झालं नव्हतं. दर दहा मिनिटांनी तो एक वीतभर पट्टी काढून भूलतज्ज्ञाला दाखवत होता. अकरा पट्ट्या निघाल्या. सगळ्या स्वच्छ. त्याच महिन्यात इस्पितळाचा सूचनांचा कागद नव्यानं छापला गेला. त्यात "विडी, सिगारेट" या शब्दांच्या आधी एक शब्द आला : मिशेरी.

ऑपरेशननंतर बाराव्या दिवशी गुणाबाई घरी निघाल्या. धर्मराजनं टेबलाचा खण उघडला आणि पितळी डबी त्यांच्यापुढं ठेवली.

"तुमची वस्तू, आक्का."

त्यांनी ती उचलली, झाकण उघडलं, वास घेतला आणि परत बंद केलं.

"यल्लव्वाला दे म्हणणार हुते. तवाच द्यायची हुती." त्यांनी डबी परत त्याच्या हातात ठेवली. "आता द्यायजोगी राहिली न्हाय रं ही. रिकामी कर, घासून घे, आन् तिला चुना-कात ठेवायला... न्हाय, तेबी नगं. लवंगा ठेव म्हणावं. आन् सांग, गुणा शिंत्रे घरी येणार हाय बघायला. हितनं किती लांब हाय तुमचं घर?"

"चालत वीस मिनिटं."

"मग डॉक्टरला इचार, चालू का," गुणाबाई म्हणाल्या, आणि पट्टा घट्ट करत उठल्या.