टाकीतला बाप्तिस्मा

सुतारकामाच्या बंद कारखान्यात भाच्याने नवी ख्रिस्ती मंडळी सुरू केली आणि तो तिचा पाळक, म्हणजे धर्मगुरू झाला, तेव्हा मावशी आपलं जुनं चर्च सोडून त्याच्या पाठीशी उभ्या राहिल्या. शिलाई मशीनवर पडदे शिवून दिले. ड्रमचा दणदणाट, भिंतीवर उमटणारे गीतांचे शब्द, सगळं गोड मानून घेतलं. पण कोपऱ्यात बाप्तिस्म्यासाठी पाण्याची टाकी आली आणि त्यांची झोपच उडाली.

"तान्हेपणी माझ्या कपाळावर पाणी शिंपडलंय रे. ते चालत नाही का?"

"मावशी, इथे सगळेच पाण्यात पूर्ण बुडून बाप्तिस्मा घेतात. पाळकाचीच मावशी मागे राहिली तर लोक काय म्हणतील?"

लहानपणी त्या तळ्यात बुडता बुडता वाचल्या होत्या. हे सांगायची लाज वाटली. देवावर विश्वास नाही का, असं कुणी विचारलं तर?

रविवारी पांढरा झगा घालून त्या टाकीत उतरल्या. पाणी कमरेला लागलं. भाच्याने पाठीला आधार देऊन त्यांना मागे झुकवलं. कानात पाणी शिरलं मात्र, मावशींना काही सुचेना. हाताला लागलं ते त्यांनी गच्च आवळलं. तो भाच्याचा गळा होता! त्याचा पाय घसरला आणि दोघंही पाण्याखाली गेले.

वर आल्यावर मावशींनी टाकीची कड घट्ट धरली. "मला बाहेर काढ रे. मरेन मी."

"झाला की बाप्तिस्मा!" ड्रमवाला ओरडला. "दोघांचाही!" लोक हसले.

भाचा हसला नाही. त्याने मावशींची पांढरी पडलेली बोटं पाहिली. "नाही झाला," तो म्हणाला. "मावशीचा लहानपणीचा बाप्तिस्मा आहे, तोच पुरे. कुणालाही जबरदस्तीने पाण्यात घालायचं नाही."

टाकी बसवून देणारा प्लंबर "शिंपडणं म्हणजे बाप्तिस्मा नव्हे," म्हणत बायकोमुलांसह उठून चालता झाला. आता मावशींना वेगळीच धडकी भरली. आपल्यापायी पोराची मंडळी फुटणार!

"मी परत उतरते," त्या कशाबशा म्हणाल्या.

"नको. मलाही भीती वाटतेय गं," भाचा पुटपुटला. "पण नको."

पुढच्या रविवारी बऱ्याच खुर्च्या रिकाम्या होत्या. टाकी जागच्या जागी होती. मावशी तिच्यापासून लांब, दाराजवळ बसल्या, आणि भिंतीवरचे शब्द वाचत गाऊ लागल्या.