नुसत्या सॉरीने भागत नाही

घानातल्या आमच्या कुमासी शहरात 'सॉरी' या शब्दाला तोटा नाही. तुम्ही ठेचकाळलात, सॉरी. वीज गेली, सॉरी. सासू वारली, सॉरी. ज्याने काहीच केलेलं नाही, तोच आधी म्हणतो. त्यात वाईट काही नाही. दुसऱ्याचं दुखणं पाहून गप्प बसू नये. पण मंडळी, याच शब्दाआड आपण काय काय झाकतो, ते आफ्रियेला विचारा.

आफ्रिये आणि बोआतेमा एकाच दुकानात कपडे शिवायच्या. दोघी एकाच बाईकडे शिवण शिकल्या होत्या, वीस वर्षं एका वाडग्यात कुटलेल्या कंदांचा फुफू खात होत्या. डोळ्यांत मोतीबिंदू झालाय, हे आफ्रियेने फक्त बोआतेमाला सांगितलं.

"पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे. चर्चच्या बायकांना मीच सांगेन. तोवर बोलू नकोस हं."

"वेडी का तू? मी कुणाला सांगणार!"

चर्चच्या महिला मंडळाचे वर्धापनदिनाचे पोशाख दरवर्षी आफ्रियेच शिवायची. वस्तीत त्यावरच तिची ओळख होती. यंदा मंडळाच्या अध्यक्षा मामे कोनाडू यांनी ते काम बोआतेमाला दिलं. "डोळे सांभाळ गं बाई," त्या आफ्रियेला म्हणाल्या, "बोआतेमा सांगत होती, हल्ली तू चाचपडत शिवतेस."

आफ्रिये तशीच दुकानात आली.

बोआतेमाने मशीनवरून मान वर केली. "कळलं ना? सॉरी हं, फार वाईट झालं बघ!" आफ्रियेच्या बोटात सुई गेली की म्हणायची, अगदी त्याच सुरात.

"कुणामुळे झालं?"

"आता ते उकरून काय मिळणार? सॉरी म्हटलं ना!"

परक्याने केसाने गळा कापला असता तर आफ्रियेला इतकं लागलं नसतं. ती दुकानात यायचीच बंद झाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी बोआतेमा वस्तीतल्या वडीलधाऱ्या अडुसेई नानांना घेऊन आफ्रियेच्या घरी गेली. आमच्याकडे रीतच आहे. चुकलेल्याने मान खाली घालून बसायचं, विनवणी वडीलधाऱ्याने करायची. चुकलेल्याला तोंडही उघडावं लागत नाही. नानांनी मात्र मामे कोनाडूंकडून आधीच सगळं ऐकलं होतं, आणि येताना त्यांनाही बोलावून घेतलं होतं.

आफ्रियेने पाणी दिलं, येण्याचं कारण विचारलं. नाना पाणी प्यायले आणि गप्प बसले.

"नाना, बोला ना," बोआतेमा कुजबुजली.

"मी काय बोलू? मी होतो का तिथे?"

"मी सॉरी म्हटलंय तिला. किती वेळा म्हटलंय!"

"पोरी, पडलेल्याला रस्त्यावरचं कुणीही सॉरी म्हणतं. हिला तर तू पाडलंस, आणि रस्त्यावरच्या माणसासारखी हळहळतेस? आजवर शंभर जणांसाठी मी बोललो. आज नाही बोलणार. काय केलंस ते तुझ्या तोंडाने सांग. जिला सांगितलंस, तिच्यासमोर सांग!"

मग बोआतेमाचा बांध फुटला.

"काम मला हवं होतं. वीस वर्षं बघतेय, जो तो आफ्रियेचंच नाव घेतो! तिने विश्वासाने सांगितलेलं मी जाऊन सांगितलं. आणि चाचपडत शिवते हे खोटं आहे. ते मी पदरचं घातलं."

किती साधी वाक्यं! पण तीन दिवस ती तिच्या तोंडून निघाली नव्हती.

मामे कोनाडू ओशाळल्या. "काम परत घे, आफ्रिये."

"नको. यंदा तिलाच शिवू दे. माझे डोळे अधू झालेत, हे खरंच आहे. पण ते तुम्हाला मी सांगणार होते, मामे. ज्या दिवशी माझा धीर होईल, त्या दिवशी." ती बोआतेमाकडे वळली. "काम गेल्याचं दुःख नाही गं मला. तुला सांगितलं याचं आहे."

"दुकानात येशील ना?" बोआतेमाने डोळे पुसत विचारलं.

"येईन. आज तू खरं बोललीस म्हणून येईन. मनातलं पुन्हा सांगेन की नाही, ते आज विचारू नकोस."

मंडळी, कुणाला ठेच लागली तर खुशाल सॉरी म्हणा. पण धोंडा आपणच ठेवला असेल, तर तेवढ्यावर थांबू नका. 'मी हे केलं' असं स्वतःच्या तोंडाने, चारचौघांत सांगा. त्याने विश्वास लगेच परत येत नाही. पण तेवढंही न सांगता तो परत मागायला आपल्याला तोंड कुठे असतं?