जोडीनं उघडणारं दार

देवगाव फाट्यावरची आपली रसवंती म्हणजे अर्ध्या तालुक्याचा दवाखाना, असं वच्छलाबाई स्वतःच सांगत. ऊन लागलं, रस घ्या. अशक्तपणा आला, रस घ्या. सुनेला बी.एस्सी.चा ताठा आलाय, तिनंही गिलासभर घ्यावा. राजनंदिनी घ्यायची आणि गिलास विसळून ठेवायची. जीवरसायन शिकून ऊस सोलायला बसलेल्या बाईजवळ बोलायला असं उरतं तरी काय!

पण त्या दिवशी तिच्या दीड वर्षाच्या लेकीला, भक्तीला, जुलाब लागले. आजीनं मायेनं वाटीवाटीनं ताजा रस पाजला आणि प्रत्येक वाटीमागं लेकरू आणखीच गळत गेलं. दुपारी डोळे खोल गेले, ओठ वाळले. सकाळपासून लघवीचा थेंब नव्हता. राजनंदिनीचा नवरा बालाजी सेलूच्या दवाखान्यात न्यायला जीप बघायला पळाला. राजनंदिनीनं मेडिकलमधून ओआरएसची पुडी आणून लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात अख्खी रिकामी केली.

वच्छलाबाईंनी बोट बुडवून चव घेतली. "तहानलेल्या लेकराला मिठाचं पाणी पाजायलीस? आपल्या रसात साखर कमी हाय व्हय?"

"लय हाय, आत्याबाई. तीच तर अडचण हाय."

सासूला समजावणं हे परीक्षेपेक्षा अवघड. राजनंदिनीनं लेकराखालच्या गोधडीचं टोक धरलं. आतड्यातली एकेक पेशी अशाच कापडात गुंडाळलेली असते, म्हणाली, फक्त ते कापड स्निग्ध, चरबीचं. साखरेला त्यातून थेट वाट नाही. पण गोधडीतून दोरा खालीवर जावा तशी प्रथिनाची एक लांब साखळी त्या कापडातून बारा-चौदा वेळा आरपार गेलेली असते. तिचे टाके गोल जमतात आणि त्यांचं दार होतं. दारात मिठाला जागा, साखरेला जागा. नुसती साखर येऊन बसली तर दार ढिम्म हलत नाही. मीठ बसलं, साखर बसली, की ते बाहेरचं तोंड मिटून आतलं उघडतं. दोघं आत गेली की पाणी त्यांच्यामागं जातं. नुसत्या रसाची एवढी साखर आतड्यातच तुंबते आणि उलट अंगातलं पाणी ओढून घेते.

वच्छलाबाई विचारात पडल्या. कुणाचंही खरं पटलं की आधी ते आपल्या घरचं करून घ्यायचं, ही त्यांची जुनी रीत. "म्हंजे सत्यनारायणाला जोडीनं बसतेत, तसं?"

"तसंच. एकट्याला मान न्हाई."

"तू ते दार बघितलंस का?"

"न्हाई बघितलं," राजनंदिनी म्हणाली, आणि तिनं पहिला चमचा भरला. पेपरात हे उत्तर तिनं न खोडता लिहिलं होतं. पण पेपराला असे खोल गेलेले डोळे नव्हते.

पहिले चमचे भक्तीनं ओकून टाकले. "बघ, म्हणलं नव्हतं?" अशा अर्थाचा सासूनं एक हुंकार दिला. राजनंदिनी थोडी थांबली आणि पुन्हा पाजू लागली, अगदी सावकाश. जीप आली. वच्छलाबाईंनी नातीला मांडीवर घेतलं, आणि सेलूच्या वाटेवर प्रत्येक गचक्याला राजनंदिनी चमचा सावरत राहिली. हळूहळू भक्तीची जीभ चमच्याची वाट बघू लागली. मग तिनं चमचाच धरला, सोडेना.

दवाखान्याच्या दारात पोचता पोचता वच्छलाबाई एकदम ताठ बसल्या. मांडी गरम लागली होती. लुगडं चांगलंच भिजलं होतं.

"मुतली!" त्या ओरडल्या. "अगं, माझी माय मुतली!"

डॉक्टरांनी पोर तपासलं, सलाईनची गरज नाही म्हणाले, हेच पाणी आणि अंगावरचं दूध चालू ठेवा. एवढं ऐकायला वच्छलाबाई थांबल्याच कुठं! ओलं लुगडं मिरवत त्या बाकावरच्या बायांना नमस्कार करत सुटल्या. लुगडं बदला, असं बालाजीनं सुचवलं तर त्यालाच दटावलं.

सांजेला फाट्यावर परभणीची एसटी थांबली, प्रवासी रसाला उतरले, आणि वच्छलाबाईंनी प्रत्येकाला पेशीचं दार उघडून दाखवलं. टाके त्यांच्या हिशेबात शंभरावर गेले होते. एका मास्तरानं हसून विचारलं, हे कोणत्या पुस्तकात लिहिलंय?

वच्छलाबाईंनी त्याच्याकडं पाहिलंही नाही. मान वळवून उसाच्या मोळीपाशी भक्तीला छातीशी धरून बसलेल्या बाईकडं हनुवटी केली.

"आमच्या सूनबाईला इचारा. तिनं शिकवलं म्हणून आमी सांगायलोत."