आत्मारामचा डबा

"परत चौऱ्याहत्तर!" धोंडू केबिनमधून ओरडला आणि त्याला मनापासून बरं वाटलं.

बंदराजवळच्या त्या शीतगृहात कोळंबी वजा अठरावर ठेवत. चौऱ्याहत्तर खरं असतं तर आत एव्हाना कालवण शिजायला हवं होतं. आतल्या सेन्सरने मोजलेलं तापमान लांबलचक तारेतून केबिनमधल्या नव्या डब्याकडे यायचं आणि डबा ते लाल आकड्यांत दाखवायचा. डब्याच्या पोटात मायक्रोकंट्रोलर नावाची चिप होती. सत्त्याऐंशी साली रत्नागिरीत ते नाव उच्चारणारेही मोजकेच, म्हणून शेटनी ते शिकायला आत्मारामला पुण्याला पाठवलं. धोंडूला नाही. दोघे मालगुंडचे, एका बाकावरचे, आयटीआयलाही बरोबर. हे धोंडूच्या घशाखाली काही उतरत नव्हतं.

आज दुपारी शेट येणार होते. आकडे नीट दिसले तर आत्माराम सुपरवायझर आणि धोंडू त्याच्या हाताखाली. डबा बिघडलेलाच राहू दे, म्हणून धोंडूने सकाळी देवाला चक्क हात जोडले होते.

आत्मारामने चिप काढून पुन्हा बसवली. सेन्सर एका वेगाने आकडे पाठवतोय नि डबा भलत्याच वेगाने वाचतोय की काय, तेही तपासलं. वेग जुळत होता. पिना घासल्या. डबा शहाण्यासारखा वजा अठरा दाखवू लागला आणि थोड्या वेळाने पुन्हा बरळला.

"धोंड्या, काय करू रे? शेटला काय तोंड दाखवू?"

"मला काय विचारतोस? पुण्याला तू गेलेलास." धोंडूची जीभ सुटली. "पण खरा सांगू? तुझा डबा भित्रा हाय मेल्या. तिकडं कॉम्प्रेसर लागला की हिकडं याची बोबडी वळते. दर टायमाला!"

टोमणा झकास बसला म्हणून धोंडू हसला. आत्माराम हसला नाही.

"दर टायमाला? तुला कसा कळला?"

आता काय सांगणार? आत्माराम दुरुस्तीपायी आत-बाहेर पळत होता, आणि धोंडू डब्याची एकेक चूक टिपत, मिटक्या मारत बसला होता. इतक्या प्रेमाने त्या डब्याकडे दुसऱ्या कुणी पाहिलंच नव्हतं.

आत्माराम धावला. सेन्सरची तार आणि कॉम्प्रेसरची जाड केबल एकाच पाइपातून ओढलेली होती. कॉम्प्रेसरची मोटर सुरू झाली की शेजारच्या तारेतले आकडे नासत. त्याने जाळी गुंडाळलेली नवी तार दुसऱ्या भिंतीवरून नेली, मोटरचा उपद्रव जाळीतूनच जमिनीत जावा म्हणून जाळी अर्थिंगला जोडली. शिडी धरायला धोंडूच होता.

कॉम्प्रेसर धडधडला. वजा अठरा. बंद करून पुन्हा लावला. वजा अठराच. धोंडू शिडी आवरायला लागला.

शेट आले, बघून खूश झाले. "वा, आत्माराम!"

"माझा काय नाय शेट, धोंडूनं पकडला. मी चिपमध्ये डोका घालून बसलेलो. कॉम्प्रेसर लागला की चुकतो, ह्या यानं बघितला."

शेटनी धोंडूची पाठ थोपटली. "असं लक्ष पाहिजे! आत्माराम, पहिल्या तारखेपासून तू सुपरवायझर. याला सोडू नको."

"सोडतो कशाला?" आत्मारामने धोंडूच्या खांद्यावर हात टाकला.

मनातल्या मनात चार शिव्या हासडता आल्या असत्या तर धोंडूला हलकं वाटलं असतं. पण या माणसाने चिडायलासुद्धा जागा ठेवली नव्हती.

"रात्री जेवायला ये," आत्माराम म्हणाला. "आयशीनं खाडीतल्या तिसऱ्या शिंपल्या आणल्यात. सगुणावैनीला पण आण."

"येतो," धोंडू म्हणाला. खांद्यावरचा हात झटकून टाकावासा वाटत होता. त्याने तो तसाच राहू दिला.